उसवताना बघणारे

राखाडी लोकर फोटोत नेहमी निळी येते.

प्रिय ग्राहक, हा मफलर तुमच्या कुत्र्याला बसेल का, हे कुत्रा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

स्टुलावर स्टूल. त्यावर तांदळाचा डबा. डब्याच्या झाकणाला सेलोटेपने चिकटवलेला फोन, अर्धा बाहेर काढलेला, तोंड जमिनीकडे.

तीन तारे. वस्तू छान आहे, पण वाट बघण्यात थंडी संपली.

उजव्या मनगटाला पट्टी. ती दिसू नये म्हणून भर उन्हातही पूर्ण बाह्या.

उसवलेली लोकर कुरळी होते. किटलीच्या वाफेवर धरली की सरळ होते. पहिल्यासारखी मात्र होत नाही.

हे सगळं एकाच खोलीतलं आहे. खोली दोघी बहिणींची. थोरली विणते, धाकटी विकते. थोरली पहिल्यापासून इथेच राहते. धाकटी दुसऱ्या गावात एका लॅबमध्ये रिसेप्शनवर बसायची, लोकांना रिकाम्या बाटल्या द्यायची आणि भरलेल्या घ्यायची. त्याचा तिला वीट आला. नोकरी सोडून ती बहिणीकडे आली, थोरलीच्या स्वेटरांचे फोटो काढले आणि ऑनलाइन दुकान उघडलं. तेव्हाच दोघींचं ठरलं होतं: थंडी संपेपर्यंत गिऱ्हाईक लागलं तर ठीक, नाहीतर धाकटी परत लॅबमध्ये. तिथल्या मॅडम म्हणाल्या होत्या, कधीही ये. मग थोरली पुन्हा एकटी, सोबतीला लोकरीची पोती.

दुकान चालायचं, पण रखडत. एकदा घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत येत नसे.

“ताई, तुझे स्वेटर फाटत नाहीत, हीच आपली अडचण आहे,” धाकटी म्हणायची.

“मग काय दोन टाके सैल सोडू?”

म्हणजे नवीन गिऱ्हाईक हवं. रोज नवीन. धाकटीने सगळं करून पाहिलं. नावं बदलली, फोटो खिडकीत काढले, मग गच्चीत काढले, सवलत दिली, सवलत काढून घेतली. ‘प्रेमाने विणलेला’ असं प्रत्येक स्वेटरखाली लिहिलं. ते वाचून थोरली म्हणाली की प्रेमाने कुठला, रेडिओ ऐकत विणलाय. काही उपयोग झाला नाही. मग कुणीतरी सांगितलं की लोकांना वस्तू होताना बघायची असते, व्हिडिओ टाका. म्हणून ती स्टुलं आणि तो डबा.

फोन वर लावला की थोरलीचे हात परीक्षेला बसल्यासारखे व्हायचे. पाहुण्यांसमोर जेवताना होतात तसे. ते व्हिडिओ कुणी पाहिले नाहीत.

मग ती बाही.

बाही पूर्ण होत आली होती. थोरलीने ती सहज उलटून पाहिली आणि जीभ टाळूला लावून च्च केलं. अगदी खाली, बाहीच्या काठाजवळ, एक उलटा टाका सुलटा पडला होता. आत दुमडला जाणारा. तिने सुया काढल्या, टोक शोधलं आणि ओढायला लागली. सर्र. ओळीमागून ओळ. धाकटी फोन बंद करायला विसरली होती. दुसरं काही टाकण्यासारखं नव्हतं म्हणून तिने तेच टाकलं.

लोकांनी ते पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. झोप लागत नव्हती ती हे बघून लागली, असं एकीने लिहिलं. एकाने विचारलं की लोकर ओढताना येतो तो आवाज वेगळा मिळेल का. आणि बघता बघता त्यांनी स्वेटर मागवले. कुरियरवाला पहिल्यांदाच वर चढून आला. एरवी खालूनच हाक मारायचा.

खाली एकच प्रश्न सारखा: पुन्हा कधी उसवणार?

थोरलीची पद्धत साधी होती. ओळ चुकली तर उसवायचं, मग ती कुणाला दिसो वा न दिसो. पण ती फारशी चुकत नसे, आणि धाकटी आता चुकांची वाट बघायला लागली. थोरली टाके मोजत असली की धाकटीला अचानक जुन्या शाळेतल्या बाई आठवत. दिवा जरा डोळ्यांवर येतोय म्हणून ती तो लांब सरकवी. एकदा तर मोजणीच्या मधोमध तिने विचारलं, ताई, आपल्या मावशीचे मिस्टर कुठल्या खात्यात होते गं?

“पाटबंधारे,” थोरली म्हणाली. “आणि माझे टाके बरोबर आहेत. जा, भांडी घास.”

तरी अधूनमधून चूक व्हायची. मनगट दुखायचं तेव्हा जास्त. प्रत्येक उसवण्याबरोबर नवी गिऱ्हाइकं यायची, आणि त्यांच्यासाठी विणायला थोरलीला वेळ कमी पडायचा, कारण विणलेलं उसवलेलं असायचं. दोघींच्या नाकीनऊ आले. किटली दिवसभर गॅसवर. खोलीत ओल्या मेंढीचा वास. थोरली संध्याकाळी हात कोमट पाण्यात बुडवून बसायची आणि धाकटी लोकांना उत्तरं द्यायची. हो, धुता येतो. नाही, कुत्र्याचं माप आमच्याकडे नाही.

मग चुका थांबल्या. का, कोण जाणे. थोरली सावकाश विणायला लागली होती, हे एक कारण असेल. नवीन व्हिडिओ नाही म्हटल्यावर नवीन माणूस नाही. कुरियरवाला पुन्हा खालून हाक मारायला लागला, पुढे तीही बंद झाली. हवा तापायला लागली.

“एक बरोबर असलेला उसव,” धाकटी शेवटी म्हणाली.

थोरली वाफेवर लोकर धरून उभी होती. तिने मान वळवली नाही.

“ताई, कुणाला काय कळणारे? त्यांना फक्त ओढताना बघायचंय.”

“चूक असली की उसवते मी. नसताना उसवायचं, ते मला येत नाही.”

“त्यात येण्यासारखं काय आहे? टोक धरायचं, ओढायचं.”

“तू ओढ मग.”

“त्यांना तुझे हात ओळखू येतात.”

यावर थोरलीने आपल्या हातांकडे पाहिलं, जणू ते कुणी न विचारता वापरायला नेले होते. धाकटी भिंतीला टेकून खाली बसली. तिचा आवाज चढला नाही. दमली होती. ती म्हणाली, ठीक आहे, मग मी लॅबमध्ये फोन करते, परत येते म्हणून सांगते. हे ती दर आठवड्याला म्हणायची. या वेळी तिने फोन डब्यावरून सोडवून हातात घेतला.

“आज राहू दे,” थोरली म्हणाली.

“का?”

“आज राहू दे, छोटे. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीनेच हाक मारली. मांडीवर हिरवा स्वेटर होता, ऑर्डरचा. पाठ झालेली, पुढचा भाग झालेला, बाह्या जोडलेल्या. फक्त गळा राहिला होता.

“फोन लाव.”

धाकटीने स्टुलावर स्टूल ठेवलं. डबा ठेवला. थोरलीने स्वेटर पसरला आणि पाठीवर, अगदी खाली, एका टाक्यावर बोट टेकवलं.

“इथे चुकलंय,” ती म्हणाली. कॅमेऱ्यासमोर ती पहिल्यांदाच बोलली.

धाकटीने पडद्यावर बोटांनी तो भाग मोठा करून पाहिला. इतक्या महिन्यांत तिला एवढं कळायला लागलं होतं. उलटा, सुलटा, उलटा, सुलटा. तिने ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, मग वरची पाहिली, मग खालची. मग चित्र पहिल्यासारखं लहान केलं.

थोरलीने आधी बाह्या सोडवल्या. मग टोक धरलं. लोकर सर्र सर्र येत राहिली आणि तिच्या पायांशी कुरळ्या ढिगात पडत राहिली. मध्येच तिने मनगट दाबलं, दुसऱ्या हातात धागा घेतला. शेवटची ओळ सुटली तरी ती थोडा वेळ तशीच ओढत राहिली.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं.”

संध्याकाळपर्यंत मागण्या यायला लागल्या. धाकटीने चहा केला, दोन्ही कप आणले आणि ज्यांचा हिरवा स्वेटर होता त्यांना लिहिलं की उशीर होईल.

“कुणाचा होता?” थोरलीने विचारलं.

“एका बाईंचा. त्यांच्या ऑफिसात एसी फार असतो म्हणे.”

“मग घाई आहे,” थोरली म्हणाली आणि चहा अर्धा ठेवून किटली गॅसवर चढवायला उठली.

लॅबमधली धाकटीची जागा त्या थंडीच्या आधीच भरली गेली होती. तसं सांगायला मॅडमचा फोन आला तेव्हा धाकटी फोन घरीच ठेवून पार्सल द्यायला बाहेर गेली होती, आणि तो थोरलीने घेतला होता. धाकटीला तिने ते अजून सांगितलं नव्हतं.