जोडीतली दुसरी

"चाल, मशीन चालू कर!" झुलाल मुकादम ओरडला. "माणसं बठ्ठी निंघनात, कोनी ऱ्हायनं नही. रस्ता मोकळा कर."

रोहिदासनं पोकलेनचा हात कोसळलेल्या कड्याच्या ढिगावर आणला. माझ्या कडेवरचं पोर दचकून रडायला लागलं.

"आणि कुंदाबाई?" मी विचारलं.

"जोड्या मोज्यात ना आम्ही. भिकननी जोडी सकाळीच निंघनी."

सकाळी ढिगातून निघालं होतं ते एकट्या भिकनचं प्रेत. आमच्या दगडखाणीत माणसं मोजत नाहीत, जोड्या मोजतात. नवरा कडा फोडतो, बायको खाली बसून खडी करते, हजेरी नवऱ्याच्या नावाची. भिकनच्या बायकोनं, कुंदानं, लग्नापासून इथं हातोडा चालवला, दोन्ही पोरं इथंच झोळीत वाढवली, आणि ती मोजणीत नव्हतीच.

या खाणीमुळेच आमची वस्ती झाली. आधी टेकडी होती. मग क्रशर आला, चहाची टपरी आली, पिंपळनेरची जीप थांबायला लागली. टेकडी संपली तशी खाण खाली उतरली. पायऱ्या सोडत कापायचं, तर कडा सरळ उभा कापला, कारण दगड लवकर निघतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो कडा बघत होते. पोराला तिकडे फिरकू देत नव्हते. भित्री म्हणून हसायचे सगळे. काल दुपारी तो कडा त्याच्याच सावलीत जेवायला बसलेल्यांवर आला.

भिकनची आई, गुंताबाई, लेकाच्या प्रेताबरोबर गाडीत बसली नव्हती. ती आता ढिगावर चढली आणि पोकलेनच्या दातांसमोर बसली.

"मावशी, सरक ना," रोहिदास काकुळतीला आला. "माले वरून सांगेल शे."

"मनी सून मझार शे, या ढिगखाले. फिराव मशीन मना आंगवरथीन."

"तिले उठाडा रे कोनी!" झुलाल पुढे झाला.

मी रडतं पोर त्याच्या छातीशी दिलं. त्याला धरावंच लागलं.

"ओ ताई, हाई काय?"

"धरा नीट. पडलं तर बघा."

मी ढिगावर जाऊन गुंताबाईशेजारी बसले.  मागून एक आली, मग दुसरी, मग खडी फोडणाऱ्या सगळ्याच. "कारे रोहिदास, तुनी माय ऱ्हाती तं?" एकीनं विचारलं. रोहिदासनं चावी फिरवली. मशीन बंद झालं. मग तोही खाली उतरून आमच्यात दगड उचलायला लागला.

ऊन कलल्यावर कुंदा सापडली. गुंताबाईनं तिच्या तोंडावरची माती पदरानं पुसली, फार सावकाश.

गाडी परत आलीच नव्हती. टपरीवरून खाट आणली, कुंदाला तिच्यावर ठेवलं.

"गडीमाणसं उचलतीन," झुलाल म्हणाला. पोर त्याच्या खांद्यावर झोपलं होतं. "बायास्नी खांदा देवाना नही ऱ्हास."

गुंताबाईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. तिनं खाटेचा पुढचा खूर धरला. शेजारी मी, मागे दोघी. वाट अरुंद होती. मुकादमाला कडेला सरकावं लागलं.

खाणीतून वर जाणाऱ्या चढावर खडी पायाखालून निसटत होती. गुंताबाईला धाप लागली होती.

"थांबायचं का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "उजेड शे तवलगून चाल."