शेपटीला सरकी

"वाळू भरा," मी दोनदा म्हटलं. माझा आवाज मुळातच हळू. पण बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये दुसरा आवाजच नव्हता, तरी यांना ऐकू गेलं नाही.

लोहारा गावातली ही कापसाची जिनिंग दोन हंगामांपासून बंद. कापसालाच कोणी विचारेना, तर जिनिंगला कोण विचारतं! माझे यजमान देवसिंग इथले फिटर. घरी सुरू केलेलं, एकच माणूस बसेल असं विमान त्यांनी रिकाम्या शेडमध्ये आणून पुरं केलं. सहा वर्षं लागली. पहिल्यांदा आवारात पळवलं, तेव्हाच चाक खड्ड्यात जाऊन विमानाचा डावा पाय, म्हणजे चाक धरणारा दांडा, वाकला.

पाय काढायचा तर विमान उचलायला हवं. तेवढं त्यांनी नीट केलं. पंखातल्या मुख्य दांड्याखाली सागाची फळी, तिच्याखाली जॅक; दोन्ही बाजू थोड्या थोड्या चढवल्या, मग टेकूला लाकडी घोड्या सरकवल्या. पण इंजिन पुढे. बैलगाडी भरणाऱ्या कोणालाही कळतं, गाडी धुरजड झाली की पुढे कलंडते. म्हणून शेपटीला ओझं हवं. यांनी बांधलं काय, तर सरकीचं पोतं!

"सरकी दिसली की जनावर सोडते काय?" मी म्हटलं.

"इथं कुठलं जनावर, मानी? तू आपला जप कर. वाळू आणाले कोण जाईन?"

"वयनी, भाऊ विमानाले सरकी चारून राह्यले. दूध देईन आता!" यांचा जोडीदार बळीराम म्हणाला. दोघं हसत, वाकलेला पाय घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेले.

मी माळ घेऊन बसले. मन लागेना. पुढचा लाकडी पंखा यांनी स्वतः तासलेला. नाक जमिनीला टेकलं तर तो फुटणार, आणि दुसरा करायची उमेद यांच्यात उरलेली नाही, हे मला माहीत होतं.

तेवढ्यात तुटक्या दारातून दोन गाई आत आल्या. मी "हाट, हाट" करत उठेपर्यंत एकीनं पोत्यात शिंग घातलं. सरकी भसाभसा सांडली. विमानाची शेपटी वर निघाली. माळ टाकून मी शेपटीला मिठी मारली. नाक वीतभर खाली जाऊन थांबलं.

मग काय! मी लोंबकळलेली, पायांशी गाई निवांत सरकी खातायत. हाका मारल्या, त्या दारापर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत. उन्हं उतरली. दिवस मावळायच्या आत याडीपुढे, आमच्या जगदंबेपुढे दिवा लावायचा आणि मगच पाणी प्यायचं, हा माझा रोजचा नेम. नऊ वर्षांत चुकला नव्हता. सोडावं का एकदा हे धूड, असंही मनात आलं. हात सुटले नाहीत.

अंधारून आल्यावर दोघं आले.

"अरे बापा! सारी सरकी वाया गेली," हे म्हणाले.

माझा दिवा चुकला, आणि यांना सरकीची पडली! मी एवढंच म्हटलं, "आधी पाय बसवा."

पाय बसला, चाक लागलं, घोड्या निघाल्या, जॅक उतरला. मी हात सोडले, पण कोपर सरळच होईना. यांनी खाली पडलेली माळ पुसून माझ्या हातात दिली.

"उद्या उजव्या चाकाचं ग्रीस करतो," हळूच म्हणाले.

"करा. वाळू आणल्याशिवाय जॅकला हात लावाल तर शेपटी तुम्हीच धराल."

या वेळी ऐकू गेलं. बळीराम टोपलं शोधायला लागला.