पुढचा शाफ्ट

जीप उंच करून घरी आली त्या संध्याकाळी मुलुंडच्या मिठागर रोडवरच्या त्यांच्या बिल्डिंगखाली निम्मी सोसायटी जमली होती. आधीही ती काही बुटकी नव्हती, पण आता शेजारच्या गाड्या तिच्यापुढे बसल्यासारख्या दिसत होत्या. चाकं रुंद, स्प्रिंगा लांब, आणि चढायला बाजूला पायऱ्या होत्या त्या काढून टाकलेल्या. सर्वेश किल्ली बोटावर फिरवत उभा होता आणि कुणी काही विचारायच्या आतच उत्तरं देत होता.

"अण्णा, बसून बघा ना," तो वडिलांना म्हणाला.

दशरथअण्णांनी एक पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "मी चढू कसा रे? शिडी आण आधी."

सगळे हसले. त्यांची सून शर्मिष्ठा वरून प्लास्टिकचं स्टूल घेऊन आली. त्यावर पाय ठेवून अण्णा चढले आणि वर बसून सगळ्यांकडे बघत राहिले. खूश होते की घाबरले होते, ते तिला काही कळलं नाही.

हे काम विकीचं. विकी आणि सर्वेश शाळेपासूनचे दोस्त. विकीने चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्वतःचा गाळा घेऊन गॅरेज टाकलं होतं, आणि जीप उंच करून देणारा म्हणून त्याचं नाव होऊ लागलं होतं. त्याच्याकडून काम करून घेतलेले सात-आठ जण रविवारी कर्जतकडे जायचे, ओढ्यात आणि चिखलात गाड्या घालायचे. आठवडाभर घाटकोपरच्या ऑफिसात एसीच्या तक्रारी ऐकून कंटाळलेला सर्वेश तिथून परत यायचा तेव्हा वेगळाच माणूस असायचा. जेवताना बोलायचा, अण्णांची चेष्टा करायचा. शर्मिष्ठाला ते आवडत होतं, म्हणून जीपबद्दल ती कधी वाकडं बोलली नाही.

आवाज पहिल्यांदा तिलाच ऐकू आला. गाडी हळू असताना खालून टकटक यायची, आणि वेग वाढला की आवाज जाऊन पायाखालची पत्र्याची जमीन थरथरायची. मग एक दिवस पार्किंगमध्ये तिच्या हातून डबा पडून गडगडत जीपखाली गेला. तो काढायला वाकली तर वर, गाडीच्या पोटाला, काळे चिकट शिंतोडे दिसले. जमिनीवर काहीच नव्हतं. कुणीतरी ब्रश झटकावा तसे ते एका रेषेत उडालेले होते.

"चिखल असेल," सर्वेश म्हणाला.

"चिखल बोटाला असा चिकटत नाही. ग्रीस आहे. विकीला विचार."

"विचारतो."

काही दिवसांनी तिने पुन्हा विषय काढला. "विचारलंस का?"

"विचारलं गं. उंच गाडीला थोडंफार असतंच, म्हणाला." तो मोबाइलमध्येच बघत होता. शर्मिष्ठाने मान डोलावली. हॉस्पिटलात ती एक्स-रे काढायची. आत काहीतरी मोडलंय असं वाटलं की फोटो काढून बघायचं, ही तिची रोजची सवय. पण गाडी तिचा विषय नव्हता आणि विकी घरचाच माणूस होता.

बोरिवलीला अण्णांच्या बहिणीच्या, शकुआत्याच्या नातवाचं नामकरण होतं. अण्णा पांढऱ्या शर्टात, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून ताठ, पुढच्या सीटवर बसले. जीपला दोनच दारं, त्यामुळे शर्मिष्ठा पुढची सीट वाकवून मागे शिरली. स्टूल डिकीत होतं. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, ऐरोलीचा सिग्नल ओलांडल्यावर हायवेवर सर्वेशने गाडी भरधाव सोडली.

पायाखालची थरथर त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त होती. कांजूरमार्ग जवळ आलं तसा जळका वास येऊ लागला.

"सर्वेश, काहीतरी जळतंय."

"डम्पिंगचा वास आहे. काच वर घे."

तिने काच वर घेतली. वास कमी झाला नाही, उलट गाडीत कोंडला. तिने पुन्हा तोंड उघडलं तेवढ्यात खालून धाडकन आवाज आला. लगेच दुसरा, तिसरा, जणू कुणी लोखंडी पहार घेऊन गाडीचा तळ फोडत होतं. जीप हिसके देऊ लागली. सर्वेशने कशीबशी ती डाव्या कडेला घेतली. बॉनेटच्या फटींतून धूर आला, आणि मग गिअरच्या दांड्याभोवतीच्या रबरातून एक पिवळी जीभ वर आली.

"उतरा. अण्णा, उतरा," सर्वेश म्हणाला आणि स्वतः उडी मारून खाली गेला. त्याने ड्रायव्हरची सीट पुढे ढकलली आणि शर्मिष्ठाचं मनगट धरून तिला बाहेर ओढलं. तिच्या ओढणीचं टोक करपलं होतं, पण ती सुखरूप होती.

अण्णांनी पट्टा स्वतः सोडला. दार उघडलं. रोज स्टूल असायचं तिथे पाय टाकला आणि खाली काहीच नव्हतं. ते तोंडावर पडले, दोन्ही हात पुढे करून. गाडीखालून तेल वाहत त्या बाजूला आलं होतं आणि ते पेटलेलं होतं.

एका टेम्पोवाल्याने गाडी थांबवली आणि आग विझवायचं सिलिंडर घेऊन धावत आला. त्याने आणि सर्वेशने अण्णांना ओढून बाजूला केलं. आगीचा बंब आला तोवर जीपचा सांगाडा उरला होता. रस्त्याच्या कडेला बसलेले अण्णा आपल्या हातांकडे बघत होते आणि सारखं एकच म्हणत होते, "शकुला फोन करा. थांबू नका म्हणावं."

ऐरोलीच्या पुलापलीकडे भाजलेल्यांच्या हॉस्पिटलात त्यांना दाखल केलं. दोन्ही तळवे आणि उजवं मनगट. जीवाला धोका नाही, डॉक्टर म्हणाले, पण कातडी लावावी लागेल, आणि बोटं पहिल्यासारखी वळतील असं आत्ताच सांगता येणार नाही.

संध्याकाळपर्यंत सर्वेशने भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली. वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट झालं. शकुआत्याला तेच, ऑफिसच्या साहेबांना तेच.

"तुला कसं कळलं वायरिंगच ते?" शर्मिष्ठाने व्हरांड्यात विचारलं.

"दुसरं काय असणार?"

"वायर जळताना असा आवाज होतो?"

तो जिन्याकडे वळला. खाली जाऊन चहा घेऊन आला, तोही एकट्यासाठीच.

पोलिसांनी जीपचा सांगाडा ओढून नेला होता. विमा कंपनीचा माणूस तपासायला आला तेव्हा सर्वेश अण्णांपाशी होता, म्हणून शर्मिष्ठा गेली. त्या माणसाने मोबाइलच्या उजेडात खाली बोट दाखवलं. इंजिनाचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब दांडा असतो, तो शाफ्ट. एका टोकाला सुटून तो लोंबत होता. गाडी उंच केली की त्याचा कोन बदलतो. त्याच्या सांध्यावरचं रबर घासून फाटतं, आतलं ग्रीस उडून जातं, आणि कोरडा सांधा तापून तुटतो. मग सुटलेला शाफ्ट फिरत राहतो आणि आजूबाजूला जे येईल ते फोडतो. गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या भांड्याला मुठीएवढं भोक पडलं होतं. बरोबर खाली तापलेला सायलेन्सरचा पाइप.

"इतकं उंच केल्यावर हा शाफ्टच बदलतात, ताई," तो म्हणाला. "बदललेला नाही. क्लेमचं कठीण आहे."

क्लेमचा विचार शर्मिष्ठाच्या डोक्यात आलाच नाही. तिला सपना आठवली. सपना विकीची बायको. ती विकीची उंच जीप घेऊन रोज कांदिवलीहून अंधेरीला कामावर जायची, आणि जाताना मुलीला शाळेत सोडायची. तिने फोन लावला, तो उचलला गेला नाही. ती तशीच रिक्षाने चारकोपला निघाली.

गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. विकी आत नव्हता. सपना बाहेर जीपला टेकून उभी होती. शर्मिष्ठाला बघताच पुढे आली आणि मिठी मारली.

"अण्णा कसे आहेत? मी उद्या येणारच होते गं."

"सपना, तू ही गाडी चालवू नकोस. आधी मला खाली बघू दे."

"काय बघायचंय?"

शर्मिष्ठा तोवर जमिनीवर पाठ टेकून जीपखाली सरकली होती. तिने मोबाइलचा उजेड मारला. लांब दांडा दिसला, त्याचा सांधा दिसला. पण इथे रबर नव्हतंच. उघड्या लोखंडाचा, दुहेरी जोडाचा, जाडजूड वेगळाच शाफ्ट होता. ग्रीसचा एक शिंतोडा नाही. ती तशीच पडून त्याच्याकडे बघत राहिली. भीती गेली होती आणि तिच्या जागी काय आलंय याला तिच्याकडे शब्द नव्हता.

बाहेर विकीचे पाय दिसले.

"वहिनी?"

ती बाहेर आली. केसांना धूळ, पाठीला तेल. "तुझ्या गाडीचा शाफ्ट बदललेला आहे, विकी."

विकीने आधी सपनाकडे पाहिलं, मग खाली. "हो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मी सर्वेशला सांगितलं होतं वहिनी. पहिल्या दिवशी सांगितलं. शाफ्ट बाहेरून मागवावा लागतो, वेळ लागेल, तोवर गाडी इथेच राहू दे. तो म्हणाला, रविवारी सगळे चाललेत, मला आत्ता पाहिजे. नंतर बदलू. मग ग्रीस उडतंय म्हणून त्याचा फोन आला, तेव्हा परत सांगितलं, हायवेला काढू नको, टोइंगवाल्याकडून उचलून घेऊन ये. तो आलाच नाही."

शर्मिष्ठाला पार्किंगमधला तो डबा आठवला, आणि मोबाइलवरून वर न उठलेले डोळे.

"आणि तू किल्ली दिलीस," ती म्हणाली.

"दोस्त आहे माझा. नाही कसं म्हणू?"

"तुझ्या पोरीला बसवायचं होतं तेव्हा बरं थांबलास शाफ्टसाठी."

सपना पुढे आली. तिने जीपची किल्ली विकीच्या हातात दिली आणि गाळ्यात जाऊन पाठमोरी बसली.

"बाकीच्यांचं काय?" शर्मिष्ठाने विचारलं. "सगळ्यांच्या गाड्या तूच उंच केल्यास ना? किती जणांचे बदलले?"

विकी फडक्याला हात पुसू लागला, त्यातच तिला कळलं.

"फोन कर. माझ्यासमोर कर."

"वहिनी, धंद्याची वाट लागेल. आत्ताच गाळा घेतलाय."

"कर."

त्याने केले. ती स्टुलावर बसून ऐकत राहिली. पहिल्या फोनला तो गोल गोल बोलत होता, एकदा दाखवून जा, सर्व्हिसिंगचं बघू वगैरे. तिने फोन घ्यायला हात पुढे केला तसा तो गडबडला आणि सरळ बोलला, "सर्वेशची जीप जळाली ती शाफ्टने. तुझा पण तसाच आहे. चालवत आणू नको, मी न्यायला येतो." बहुतेकांनी शिव्या देऊन का होईना, हो म्हटलं. बोरिवलीचा जयवंत मात्र ऐकेना. आपल्या गाडीला आवाज नाही, तो म्हणाला, आणि विकी आपलं पाप लपवायला सगळ्यांना कामाला लावतोय. शर्मिष्ठाने फोन घेतला. "माझ्या सासऱ्यांचे हात बघायला या, मग ठरवा." त्याने फोन ठेवला आणि नंतर उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी बाकीच्या गाड्या टोइंगने आल्या. दोघांचं रबर फाटलेलं निघालं. जयवंतची जीप अजून रस्त्यावर होती, कुठल्या ते कुणालाच माहीत नव्हतं.

चारकोपहून परतली त्या रात्री घरी तिने सर्वेशला काही विचारलं नाही. तो स्वतःच बोलू लागला, विकीचा फोन येऊन गेला होता. रविवार, सगळे मित्र, एकट्याने मागे राहायची लाज, मग आज नको उद्या. ती ऐकत होती. त्याचं बोलून संपलं तेव्हा म्हणाली, "हे मला नको सांगूस. अण्णांना सांग."

"त्यांना कळून काय होणार आहे?"

"वायरिंग म्हणून ते शेजारच्या पेशंटला समजावत असतात. त्यांच्या तोंडून खोटं वदवू नकोस."

अण्णा घरी आल्यावर त्याने सांगितलं. ती स्वयंपाकघरात होती, दार उघडं होतं. अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. पट्ट्यांत गुंडाळलेले हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचे ठेवायला दिल्यासारखे.

"शर्मिष्ठा मागे बसली होती," अखेर ते म्हणाले. "दार पण नाही तिला. माहीत होतं ना तुला?"

सर्वेशने मान खाली घातली.

त्यानंतर अण्णा त्याच्याशी बोलेनासे झाले. पण ताट भरवायला, दाढी करायला, आंघोळ घालायला कुणीतरी हवंच होतं, आणि सुनेसमोर उघडं बसायला ते तयार नव्हते. मग सर्वेशने सकाळची सुट्टी घेतली. पहिले काही दिवस न्हाणीघरातून नुसता पाण्याचा आवाज यायचा. शर्मिष्ठा डबा भरता भरता थांबून कान द्यायची आणि पुन्हा कामाला लागायची. तिच्या मनातलंही काही विरघळलेलं नव्हतं. रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपत होती.

एका सकाळी ती चपला घालत असताना आतून अण्णांचा आवाज आला, चिडका, रोजच्यासारखा.

"पाणी केवढं कडक घेतलंयस. गार घाल त्यात."

"घालतो, अण्णा," सर्वेश म्हणाला.

ती दार ओढून घेऊन हॉस्पिटलला निघाली.