हुसेनसाबला बघायचा कार्यक्रम

झीनतआपाने चार मुली उजवल्या होत्या आणि चौघींपैकी एकीलाही नकार आला नव्हता. तिसरी डाव्या डोळ्याने जरा तिरळी होती, तरी नाही. ‘बघायला येणाऱ्याला उणं दिसू द्यायचं न्हाय,’ एवढंच तिचं शास्त्र. त्यामुळे हॉस्पिटलची बाई हुसेनसाबला बघायला घरी येणार असं कळलं, तेव्हा आपाने सगळा कारभार आपल्या हातात घेतला. तिथेच घोळ झाला.

हुसेनसाब तिचा धाकटा भाऊ. सोलापूरच्या मार्केट यार्डातून तो टेम्पोने कांदा वाहायचा. यार्डात त्याची दोरी प्रसिद्ध होती. त्याने आवळलेलं पोतं हैदराबादपर्यंत हलायचं नाही. पण एकदा पोत्यांच्या ढिगावर उभं राहून आवळताना दोरीच तुटली आणि तो पाठमोरा खाली आला, डोक्यावर. मानेत मणका मोडला, आतला मज्जारज्जू चेंगरला. पाय गेले. हात खांद्यापासून मनगटापर्यंत हलायचे. पुढची बोटं मात्र नुसती लोंबायची.

बायको माजिदाने त्याला सांभाळलं. भरवलं, आंघोळ घातली आणि रोज त्याच्याशी भांडलीसुद्धा. चांगला होता तेव्हा तो घरी काहीही आणायचा ते पोतंभर. ती दारातच ओरडायची, “एवढं कशाला? मूठभर पुरे की!” पडल्यावरही तिने आवाज कमी केला नाही. त्यामुळे आपण आजारी आहोत हे हुसेनसाबला फारसं जाणवलंच नाही. गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला आणि ती गेली. मग ते जाणवलं.

दफनाच्या वेळी त्याची चाकाची खुर्ची कबरीपर्यंत उचलून नेली होती. सगळ्यांनी तीन-तीन मुठी माती दिली. हुसेनसाबची मूठ वळेना. आपाच्या एका जावयाने त्याच्या तळव्यावर माती ठेवली आणि हात उलटा केला. माती पडली, पण ती जावयाने दिली असंच हुसेनसाबला वाटत राहिलं. हे त्याने फक्त कोंडीबाला सांगितलं. कोंडीबा मंद्रूपचा, यार्डातला हमालांचा मुकादम, जुना दोस्त. त्याला सांगितलेलं कुठे जात नाही, कारण तो ऐकता ऐकताच विसरतो.

शहरातल्या एका हॉस्पिटलात मान मोडलेल्या लोकांवर नवीन उपचाराची चाचणी चालू झाली, ही बातमी कोंडीबानेच आणली. मानेवर पट्ट्या चिकटवून करंट सोडायचा आणि तेवढ्यात हाताचा व्यायाम करून घ्यायचा. बोटं सुधारतात का ते बघायचं. त्याने हॉस्पिटलला नंबरही आपलाच दिला. तिथल्या बाईंचा फोन आला. त्यांनी अटी सविस्तर सांगितल्या. कोंडीबाने प्रत्येक अटीला “व्हय की” म्हटलं आणि घरी येऊन निरोप दिला, “बाई बघायला येणार हायत. गुरुवारी.”

“बघायला?” आपाचे डोळे चमकले.

गुरुवारी सकाळीच तिने हुसेनसाबच्या केसांना मेंदी लावली. डोळ्यांत सुरमा घातला. ईदचा कुर्ता, त्यावर अत्तर.

“आपा, मला सोयरीक जमवायची न्हाय.”

“गप बस. ईचारल्याबिगर बोलायचं न्हाय. आन् मान खाली घालू नगंस, कॉलर दिसती.”

कुर्त्याची कॉलर जुनी होती, घासलेली. तीसुद्धा तिने दुपट्ट्याने झाकली.

शेवटी ती चहाचा कप घेऊन आली. पायजम्याची एक सुटी नाडी घेऊन कप तिने त्याच्या उजव्या तळव्याला बांधला आणि कुर्त्याची बाही नाडीवर ओढली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गडी आरामात चहा पितोय. चहा तिने मुद्दाम गार करून घातला होता, भाजू नये म्हणून.

दाक्षायणी नावाची ती बाई आली. वयाने पोरसवदाच, अक्कलकोटकडची. हातात पिशवी, बोलायला गोड. समोर बसून तिने विचारलं, “काका, बोटं किती हलतात?”

“सगळी हलतात,” आपा म्हणाली. “अल्लाच्या मेहरबानीनं काय कमी न्हाय.”

“जेवता कसे?”

“आपल्या हातानं. कडक भाकरी असंल तर तीबी मोडतोय.”

कोंडीबाने हुसेनसाबकडे नवलाने बघितलं. त्याला खरंच वाटलं असावं.

“बटणं लावता येतात?”

“तो तर माझीबी शिवून देतोय,” आपा म्हणाली. इथे ती जरा पुढे गेली.

दाक्षायणीची नजर कपावर गेली. तिने पिशवी आवरली. “छान आहे काका. खरंच आनंद वाटला. पण मग आमच्या चाचणीत तुम्ही बसत नाही. ज्यांची पकड जवळजवळ गेलीय, त्यांनाच आम्ही घेतो. फोनवर सांगितलं होतं मी.”

“व्हय की,” कोंडीबा म्हणाला. “आत्ता आठवलं.”

आपा उभी राहिली. “म्हंजे नकार?”

“नकार नाही मावशी, हात चांगला आहे म्हणून...”

“कुटला चांगला? कसला चांगला?” आपाचा आवाज चढला. “अगं बाई, त्याला माशी हाकलता येत न्हाय! काल भरवताना माझ्या अंगावर शिंकला! कवडीचा हात न्हाय तो!”

“लई वाईट हात हाय, मॅडम,” कोंडीबाही मदतीला धावला. “असा वाईट हात तुमाला अख्ख्या यार्डात गावायचा न्हाय.”

“मग कप?”

हुसेनसाबने हात तोंडाजवळ नेला, दातांनी बाही मागे ओढली. कप कलंडला, गार चहा ईदच्या कुर्त्यावर सांडला आणि नाडी दिसली.

“बघा,” तो म्हणाला. “आन् गाठबी धड न्हाय मारलेली.”

दाक्षायणी हसायला लागली. तिला हसू आवरेना. मग डोळे पुसून ती म्हणाली, “आता मावशी एक शब्द बोलणार नाहीत. काका, तुम्ही सांगा. बोटं काय करतात?”

“काय करत न्हाईत.”

“आणि सुधारली, तर पहिल्यांदा काय करायचंय?”

“नमाजला—” आपाने सुरुवात केली.

“टेम्पो—” कोंडीबा म्हणाला.

“मूठभर माती उचलायची हाय,” हुसेनसाब म्हणाला. “बायकोला द्यायची राहिली.”

आपाला हे नवीन होतं. ती आत गेली आणि तिथे बराच वेळ धुतलेली भांडी पुन्हा धूत राहिली.

बाहेर आली तेव्हा दाक्षायणी पुढचं समजावत होती. कुणाचीही बोटं सुधारतील असं वचन नाही. निम्म्या लोकांना करंट मिळणार, निम्म्यांना नुसत्या पट्ट्या. व्यायाम मात्र सगळ्यांना सारखा. चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार आणि शेवटपर्यंत कुणाला सांगणार नाहीत. पटत नसेल तर आत्ताच नाही म्हणा, कधीही सोडा.

“पोरी, तू अक्कलकोटची न्हवं?” आपाचा आवाज एकदम मऊ झाला. “माझी जाऊ तिकडलीच. घरातलीच झालीस. त्याला करंटवाल्यांत बसव.”

“मावशी, मलाही कळत नाही कोण कशात ते. तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही.”

“मग कळतंय कुणाला?”

“पुण्यातल्या एका कॉम्प्युटरला.”

“मग त्येला फोन लाव की!”

हुसेनसाब हो म्हणाला.

त्यानंतर रिक्षाने हॉस्पिटल सुरू झालं. मानेवर पट्ट्या, समोर टेबल, टेबलावर लाकडाचे ठोकळे. मनगट वर उचललं की ताणाने बोटं आपोआप थोडी दुमडतात, ते साधून ठोकळा पकडायचा. पकडला की सोडायचा. सुटला की पुन्हा पकडायचा. हुसेनसाबने जन्मभर दोऱ्या आवळल्या होत्या, तो कंटाळला नाही. कंटाळले ते आपा आणि कोंडीबा.

“मुंग्या येत्यात का मानंत?” कोंडीबा रोज विचारायचा.

“येत्यात. पण माजिदा वरडायची तवाबी यायच्या.”

एक दिवस कोंडीबाने खिशातून वायरमनचा टेस्टर काढला आणि हुसेनसाबच्या मानेला लावायला निघाला. दाक्षायणीने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. त्यानंतर त्याची जागा रिक्षात.

पावसाळा संपता संपता चाचणीही संपली. डॉक्टर विरुपाक्षांनी शेवटची तपासणी केली. हुसेनसाबने ठोकळे उचलले. सगळे नाही, पण उचलले. चमचाही धरला, वाकडातिकडा. आपाने तिथेच हॉस्पिटलभर पेढे वाटायला घेतले.

मग काही आठवड्यांनी, सगळ्यांची चाचणी झाल्यावर, त्यांना पुन्हा बोलावलं. डॉक्टर म्हणाले, “हुसेनसाब, तुम्ही करंट नसलेल्या गटात होता.”

आपाने वाटलेल्या पेढ्यांचा हिशेब केला असावा, कारण ती पेढ्यांवरच घसरली. “आन् मी पेढे वाटले! नुसत्या चिकटपट्टीवर? ही तर सरळ फसवणूक झाली!”

“आधी सांगितलं होतं, मावशी.”

“सांगून फसवलं म्हणून काय झालं?”

“मग ही बोटं कुणी हलवली?” हुसेनसाबने विचारलं.

“तुम्हीच,” डॉक्टर म्हणाले. “व्यायामाने. आता हवं असेल तर करंटही देऊन बघू. किती फरक पडेल, मी सांगू शकत नाही.”

हुसेनसाब हसायला लागला, इतका की खुर्ची हलली. “घेऊ की. पण आज न्हाय. आज दुसरीकडं जायाचंय.”

कबरस्तानाच्या फाटकाशी रिक्षा थांबली. बायका कबरस्तानात जात नाहीत, म्हणून आपा रिक्षातच बसली. कोंडीबाने खुर्ची ढकलत नेली आणि माजिदाच्या कबरीशी उभी केली. मग खाली बसून त्याने माती उकरली आणि ओंजळीत धरली, हुसेनसाबच्या हाताच्या उंचीवर.

हुसेनसाबने हात त्या मातीत घातला. मनगट उचललं. बोटं दुमडली. पण मूठ कबरीवर नेईपर्यंत बरीचशी माती फटींतून गळाली, काही त्याच्या मांडीवर, काही कोंडीबाच्या टोपीवर.

“ऱ्हायली का?” कोंडीबाने खालून विचारलं.

“ऱ्हायली थोडी.”

“आजून घालू का?”

“नगं. जास्त आनली तर वरडंल.”

त्याने मनगट खाली सोडलं. बोटं उघडली. माती पडली, चिमूटभरच. त्याने पुन्हा हात घातला आणि मग पुन्हा. तिसऱ्या वेळी कोंडीबाने टोपी काढली. माती झटकायला असेल किंवा कशाला. झटकली मात्र नाही.

फाटकाशी आल्यावर आपाने हुसेनसाबचा हात बघितला. बोटांच्या बेचक्यांत माती, नखांत माती, कुर्त्यावर माती. सवयीने तिने पदर पुढे केला, पुसायला. मग तो मागे घेतला आणि त्याचा हात होता तसाच मांडीवर नीट ठेवला.

“असू दे,” ती म्हणाली. “दिसू दे.”

आणि रिक्षावाल्याला तिने बाजारातल्या रस्त्याने न्यायला सांगितलं.