वाफेच्या आड

माझी मुलगी तीन दिवसांची झाली तरी मी तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता. ती सहाव्या महिन्यातच आली, सातशे दहा ग्रॅमची, आणि आल्याआल्या काचेच्या पेटीत गेली. पेटीत इतकी वाफ, की काचेवर आतून सतत थेंब धरायचे. मला बाहेरून दिसायची ती लालसर हालचाल आणि फार तर एखादा पाय. तिथे माझं नावही उरलं नव्हतं. पेटीच्या नंबरावरून सगळे मला ‘सात नंबरची आई’ म्हणायचे.

कडक सिस्टरनी (हे नाव माझं, मनातल्या मनात ठेवलेलं) पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “हिची कातडी अजून तयार नाही. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी आहे. अंगातलं पाणी तिच्यातून उडून जातं, म्हणून आत वाफ ठेवतो. आमच्याशिवाय पेटीची ही गोल खिडकी कोणी उघडायची नाही. दोन-अडीच आठवडे कळ काढा.”

कळ काढा म्हणे! नवरा बोटीवर, महिनाभराच्या वाटेवर. आई मला नाही. सासूबाई पाय मोडून अंथरुणात, आणि रोज फोनवर एकच धोशा, “अगं, कोणावर गेलीय ते तरी सांग!” मी ठोकून द्यायचे, “नाक तुमच्यासारखं आहे.” फोन ठेवला की स्वतःचीच लाज वाटायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर पलीकडच्या पेटीपाशी पाठमोऱ्या होत्या. मी हात धुतले, ट्रेमधली निर्जंतुक पट्टी घेतली, गोल खिडकी उघडली आणि काच आतून पुसली. मुलीला बोटसुद्धा लावलं नाही. नुसती काच पुसण्यात कसलं आलंय पाप, अशी मी माझीच समजूत घातली. आणि ती दिसली. नाक माझ्या नवऱ्याचं होतं. पाच मिनिटांत काच परत धुरकटली, मी परत पुसली. त्या दिवशी पाच-सहा वेळा, दुसऱ्या दिवशी मोजणंच सोडून दिलं. दिवसभर बोलायला माणूस नसलं की असंच होतं.

पाचव्या दिवशी सकाळी वजन सहाशे वीस भरलं. डॉक्टरांनी आकडा दोनदा बघितला.

“रक्तातलं मीठही वाढलंय. पाणी कमी पडतंय हिला. काल आतली वाफ किती वेळा कमी झाली, बघा.”

सिस्टरनी पेटीवरची नोंद दाखवली. मी जमिनीकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं.

“पेटीच गळत असणार,” डॉक्टर म्हणाले. “दुसऱ्या पेटीत हलवू. सलाईनही बरंच वाढवावं लागेल.”

“हलवलेलं सोसेल हिला?” सिस्टरनी विचारलं.

“सांगता येत नाही. सलाईन जास्त झालं तरी हृदयावर ताण येतो. पण करायचं काय?”

गप्प बसावं, हात दाखवून अवलक्षण कशाला, असंही मनात आलं; ते लपवत नाही. कळलं तर मला बाहेर काढतील, आणि बाहेर माझं कोण होतं? पेटीशेजारच्या त्या स्टुलाखेरीज मला जावंसं वाटेल अशी जागा उरली नव्हती. तेवढ्यात सिस्टर दुसरी पेटी ढकलत घेऊन आल्या.

“पेटी चांगली आहे,” मी म्हणाले. “मीच उघडत होते. काच पुसायला. तिचं तोंड दिसत नव्हतं म्हणून.”

“किती वेळा?”

“काल... वीसेक वेळा असेल.”

डॉक्टर बोलायचं ते बोलले. एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. पण दुसरी पेटी परत गेली, आणि सलाईन थोडंसंच वाढवलं. सिस्टरनी माझं स्टूल पेटीपासून दोन हात मागे ओढलं.

“बाहेर नाही काढत तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “पण हात मांडीवर.”

सहाव्या दिवशी वजन सहाशे चोवीस. मी एकटीच हसले. दुपारी सिस्टर लंगोट बदलायला आल्या. बदलून झाल्यावर त्यांनी एका हाताने खिडकी उघडीच धरली आणि माझ्याकडे वळल्या.

“या, हात धुऊन या. दोन मिनिटं तुमचं बोट धरू दे तिला. तेवढ्यानं काही होत नाही.”

सहा दिवस मी याच वाक्याची वाट बघत होते. कोपरापर्यंत हात धुतले, पेटीशी गेले. खिडकीतून बाहेर येणारी वाफ माझ्या मनगटाला उबदार लागली. ती तिच्या वाट्याची होती, आणि माझ्यावर खर्च होत होती.

“नको, सिस्टर,” मी म्हणाले. “लावा खिडकी.”

“अहो, पण मीच सांगतेय ना...”

“लावा लवकर. मी थांबते.”

खिडकी लागली. इतका वेळ ती उघडी राहिल्यानं काच थोडी निवळली होती. मी दोन हात मागे जाऊन स्टुलावर बसले, आणि काचेवर परत थेंब धरेपर्यंत तिला डोळे भरून बघून घेतलं.