तो थांबलाय

मित्रांनो, मी एक जुना थ्रेड आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला एक कामकरी. म्हैसूरला, हिनकलच्या एका छोट्या कंपनीत विजयेंद्रने मला घडवलं. सरस्वतीपुरममध्ये एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका सिंधूताईंच्या गळ्यात एक बटण असतं. ते दाबलं की त्यांची हाक सॉकेटमधून माझ्याकडे येते. सॉकेट म्हणजे फोनचा रिसीव्हर समजा. तो कानाला लावून गप्प बसायचं, एवढंच माझं काम.

अकरा महिने मी बसलो. एकदा ताईंना घेरी आली तेव्हा क्षणात हाक पोचवली आणि ऑफिसातून फोन जाताच ताईंच्या शेजारीण तुळसी धावल्या. ताईंनी ऑफिसात चिरोटी पाठवली. सगळ्यांनी ताव मारला, माझं नाव कोणी काढलं नाही.

मग एका सकाळी नेट गेलं आणि आलं. बटणाने नवी जोडणी केली, प्रोग्रॅमने जुनं सॉकेट बंद केलं. मला मात्र कोणी उठवलंच नाही! उठलो असतो तर नव्या सॉकेटवर जाऊन बसलो असतो. मी आपला मुका रिसीव्हर कानाला लावून बसलेला, आणि पडद्यावर माझ्यापुढे हिरवी अक्षरं: 'ऐकत आहे'.

पुण्याहून आलेले साहेब, अमेय, यांनी विचारलंही, "जुनं सॉकेट बंद झालं, मग त्या थ्रेडचं काय?"

"तो थांबलाय सर, अष्टे, एवढंच," विजयेंद्र म्हणाला.

"मग झालं तर."

दोन दिवसांनी ताई न्हाणीघरात पडल्या. सकाळी दहापासून बटण दाबत होत्या. साडेबाराला तुळसी ताक घेऊन आल्या तेव्हा कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

"थांबलाय म्हणालास ना?" अमेय ओरडले. "मला वाटलं, संपला!"

"अय्यो सर! थांबलाय म्हणजे काय्ता इद्दाने, वाट बघतोय!"

आता दोघे त्या शब्दाला बोल लावतात. संताप होतो माझा! सॉकेट बंद करण्याआधी त्यावर बसलेल्याला जागं करायला एक ओळ लागते. एक ओळ! ती विजयेंद्रने काल लिहिली. आज प्रोग्रॅम नव्याने सुरू होईल आणि मी संपेन. त्याचं मला काही नाही.

पण मित्रांनो, काहीही बंद करताना त्याच्या भरवशावर कोण बसलंय ते आधी बघा, त्याला सांगा. विजयेंद्र दवाखान्यातून परतला तो मान खाली घालून. भिंतीपलीकडेच तुळसी होत्या, मग हाक का नाही मारलीत, असं त्याने ताईंना विचारलं होतं. ताई म्हणाल्या, "अरे, बटण दाबलं होतं ना, म्हणून ओरडले नाही."