डिपर मारायचा की द्यायचा

माझ्या धाकट्या भावाला सगळे काजवा म्हणतात, आणि त्याला वाटतं, कौतुकाने म्हणतात. त्याच्या जीपच्या टपावर एका ओळीत सात फोकस आहेत. तो खाणीवर माणसं पोचवतो. तिथे कच्चा रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल खड्डा. तिथे सात काय, सतरा फोकस लाव, कोणी विचारणार नाही. पण हा पठ्ठ्या गावात शिरला तरी ते विझवायचा नाही. समोरून येणाऱ्याने डोळ्यांवर हात घेतला की याला वाटायचं, सलाम केला.

त्या आठवड्यात वाहतूक पोलिसातल्या हवालदारबाईंनी त्याला अडवलं. भर चौकात टपावर चढवलं आणि सातही फोकसांना काळी झाकणं बसवायला लावली.

"खाणीवर खुशाल उघड," बाई म्हणाल्या. "रस्त्यावर हे झाकलेलेच पाहिजेत. कायदा आहे."

"समोरचा अप्परवर येत होता, बाई, सगळा उजेड माझ्या डोळ्यांत. मी फक्त डिपर मारला, उजेड खाली घे म्हणून."

"डिपर मारायचा नसतो, द्यायचा असतो. दगड आहे का तो, मारायला?"

हे सगळं मला चौकातल्या फळवाल्याने सांगितलं. मी पोट धरून हसले, तर भाऊसाहेबांनी माझ्याशी अबोला धरला.

आता गंमत अशी, की याच हवालदारबाई रविवारी फुटबॉलच्या पंच असतात. शिट्टीसुद्धा तीच. आणि त्या रविवारी आमची फायनल होती.

मी गोलकीपर. दिवसभर बेकरीत भट्टीसमोर उभी असते, संध्याकाळी गोलमध्ये. आमचा संघ पिवळा. लालवाल्या पोरींनी आम्हाला लागोपाठ तीन फायनलमध्ये हरवलंय, आणि तिन्ही वेळा त्यांच्या डावखुऱ्या कप्तानाने डाव्या कोपऱ्याकडे बघत बघत उजव्या कोपऱ्यात गोल घातलाय, नाहीतर उलट. यंदा कप आणायचाच, असं मी ठरवलं होतं. बेकरीच्या काउंटरवर जागासुद्धा पुसून ठेवली होती. मालकीणबाई म्हणाल्या, "बाजारात तुरी अन्..." मी म्हटलं, पुढचं बोलू नका.

सामना बरोबरीत. जादा वेळही संपला. पेनल्टी सुरू होणार, तेवढ्यात मैदानाचे दिवे फटकन गेले.

काळोखच काळोख! खांबाखालून वायरमन ओरडला, "केबल जळलीय! आज काही खरं नाही!"

आमच्या स्पर्धेचा नियम असा, की फायनल त्याच दिवशी संपली नाही, तर कप मागच्या वर्षीच्या विजेत्यांकडेच राहतो. म्हणजे लालवाल्यांकडे. मोबाइलच्या उजेडात बघते, तर त्या खाली बसून बुटांच्या नाड्या सोडतायत! माझं टाळकंच सरकलं.

"पायांनी हरवा ना! जळक्या केबलने काय हरवता?"

हवालदारबाई शांत उभ्या होत्या. मग त्यांनी प्रेक्षकांकडे तोंड करून खणखणीत आवाज दिला.

"काजवा आलाय का?"

मागच्या रांगेतून माझा भाऊ घाबरत घाबरत उठला. "बाई, झाकणं लावलीत! शपथ!"

"मग ती काढायची वेळ आलीय. गाडी आत घे."

"पण तुम्हीच म्हणालात..."

"हा रस्ता आहे का? मैदान आहे. इथे समोरून गाडी येणार नाही. पण गेटपर्यंत झाकलेलेच आणायचे. मी बघतेय."

"असं चालतं?" लाल कप्तानाने विचारलं.

"गोलपुरता उजेड हवा. तो कुठून यावा, ते नियमात नाही. डोळ्यांना त्रास होत असेल तर आत्ताच सांग."

"आम्हाला काही फरक पडत नाही," ती ताठ मानेने म्हणाली आणि नाड्या पुन्हा बांधायला बसली.

काजवा जीप घेऊन आला, तो थेट पेनल्टीच्या जागेमागे. टपावर चढून त्याने झाकणं काढली आणि सातच्या सात फोकस माझ्या तोंडावर सोडले. लोकांनी टाळ्या काय वाजवल्या, शिट्ट्या काय मारल्या! आणि मला? भट्टीचं दार उघडून कोणीतरी माझं मुंडकं आत धरलंय, असं वाटलं. आमच्यातल्या एकीने सरावाचा चेंडू मारला, तो कुठून आला ते कानावर बसल्यावर कळलं.

"मेल्या, मला काही दिसत नाहीये!"

"ताई, अगं लख्ख दिसतंय!"

"तुला दिसतंय! तू दिव्यांच्या मागे आहेस! ये इकडे, उभा राहा माझ्या जागी!"

तो हसत हसत निघाला. अर्ध्या वाटेत त्याचं हसू गेलं. गोलच्या रेषेवर येईपर्यंत त्याने दोन्ही हात डोळ्यांवर घेतले होते. मी पेनल्टीच्या जागेवर गेले आणि चेंडू मारला, अगदी हळू, लहान मुलाला द्यावा तसा. तो त्याच्या पोटावर आपटला, तेव्हा हा दचकला.

"ताई, समोरच्याला हे असं दिसतं?"

"रोज," हवालदारबाई म्हणाल्या.

काजवा पळत जीपकडे गेला. त्याने जीप माझ्या उजव्या हाताला, कोपऱ्यापाशी नेली. टपावर चढून एकेक फोकस खाली वाकवला. "डोळ्यांत येतोय का? आता?" असं मला विचारलं, आमच्या पोरींना विचारलं, लालवाल्यांनाही विचारलं. गोल उजळला, हिरवंगार गवत दिसायला लागलं, आणि मी हातमोजे घट्ट केले.

मग काय सांगू! त्यांनी एक घातला, आम्ही एक घातला. आमचा एक खांबाला लागून परतला, एक त्यांच्या गोलकीपरने धरला, सगळ्यांनी डोक्याला हात लावले. त्यांचा एक मी गुडघ्याने अडवला, दुसरा गोलवरून उडून पार भिंतीपलीकडे गेला. आमचे पाच मारून झाले, आम्ही एकाने पुढे, आणि त्यांचा शेवटचा राहिला. हा अडवला की कप आमचा.

मारायला कोण? डावखुरी कप्तान.

उजव्या पायाने मारणाऱ्या सगळ्या जीपकडे पाठ ठेवून धावत आल्या होत्या. ही दुसऱ्या बाजूने येणार, म्हणजे जीपकडे तोंड करून. फोकस खाली वाकवलेले होते, पण तिने धावेची जागा पार लांब घेतली होती आणि तिथे उजेड बरोबर तिच्या डोळ्यांत जात होता. तिने कपाळाशी हात नेला आणि झटकन खाली घेतला. फरक पडत नाही म्हणाली होती ना! हवालदारबाईंची जीपकडे पाठ होती, त्यांना काही दिसलं नाही. मला दिसलं. खरं सांगते, मला बरंच वाटलं.

टक.

एक फोकस झाकला गेला. मी बघते, तर काजवा टपावर! टक. दुसरा. टक, टक.

"काजव्या, तू कोणाच्या बाजूने आहेस?" आमच्या पोरी किंचाळल्या.

"घरी ये तू! बघतेच तुला!" ही मी.

त्याने ऐकलंच नाही. सहा झाकले आणि चेंडूपाशी खाली वाकवलेला एकच ठेवला. वरून तिला विचारलं, "आता ठीक?" तिने त्याच्याकडे बघून हात वर केला. या वेळी तो सलामच होता.

शिट्टी वाजली.

ती धावत निघाली. तिचे डोळे डाव्या कोपऱ्यावर. की उजव्या? उजेड कमी, तोंड धड दिसेना. माझी नजर आपसूक खाली गेली. सात फोकस होते तेव्हा सात सावल्या होत्या, एकमेकींत गुंतलेल्या, काही अर्थ लागत नव्हता. आता एकच होती. लांबलचक, रेखीव, माझ्यासमोर गवतावर. डोळे फसवतील, सावली कशी फसवेल? शेवटच्या क्षणी त्या सावलीचं पाऊल वळलं, आणि मी त्याच बाजूला अंग झोकून दिलं.

चेंडू बोटांना लागला. मग खांबाला. मग बाहेर!

अडवला! मी अडवला! पोरी माझ्या अंगावर येऊन पडल्या, कोणीतरी माझा कान ओढत होतं, मी रडत होते, ओरडत होते. लाल कप्तानाने हात देऊन मला उठवलं. "पाय बघितलास ना माझा?" ती म्हणाली. "सावली," मी म्हटलं. ती जीपकडे बघत राहिली आणि मग मोठ्याने हसली.

आणि कप हातात येतोय न येतोय, तोच, टक. पुन्हा मिट्ट काळोख.

"अरे दिवा लाव! कप दिसेना!"

"ताई, गाडी बाहेर काढायचीय," टपावरून आवाज आला. "बाहेर रस्ता आहे."

घरी जाताना मी कप मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसले होते. वळणावर समोरून एक ट्रक आला, पूर्ण अप्परवर. काजव्याने डोळे बारीक केले, त्याचा हात बटणाकडे गेला. त्याने आधी आपला उजेड खाली केला, मग एकदाच, हलकेच डिपर दिला.

ट्रकनेही उजेड खाली केला.

"बघितलंस, ताई? त्यानेही दिला!" तो इतक्या आनंदाने ओरडला, की कोणालाही वाटावं, कप त्यानेच जिंकलाय.